देवीची बोटं

३ जानेवारी १९५७

पुण्याच्या कागदवाल्यानं आबांना नव्या वर्षाची डायरी भेट दिली. आबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे टाकली. "लिही कायबाय. सातवीपत्तुर शिकलीस ते वाया नगं."

तर कायबाय लिहिते.

मी शालन. चिंचवड स्टेशनच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे फोटो, मागे घर. आबा लढाईत पलटणीबरोबर होते, तिथं एका साहेबाच्या हाताखाली हे काम शिकले. गावात शेत आहे ते चुलते करतात. आबांच्या मते शेतात आणि फोटोत एवढाच फरक की फोटोला पाऊस लागत नाही, ऊन मात्र लागतं. छपराच्या एका बाजूला काचा बसवल्या आहेत, त्यातून ऊन येतं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याचा जिना आणि तळ्यात एक हंस. हंसाची मान आबांनीच रंगवली आहे आणि तो बगळा दिसतो, पण ते कोणी बोलून दाखवायचं नाही.

माझं काम पेन्सिलीचं. काचेवर माणूस उलटा उमटतो, म्हणजे गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. चेहऱ्यावर वण असला तर काचेवर तो पांढरा ठिपका दिसतो. त्यावर आधी औषध चोळायचं, ते जरा चिकट झालं की अणकुचीदार पेन्सिलीनं ठिपका भरून काढायचा. मग कागदावर छापलं की वण गायब. लग्नाच्या मुलींचे फोटो माझ्याकडेच येतात. पिंपरीच्या कॅम्पातून येतात, आकुर्डीहून येतात. माझ्या हाताखालून गेलेली एकही मुलगी लग्नावाचून राहिली नाही असं आबा गिऱ्हाइकांना सांगतात. एक सोडून, असं सांगत नाहीत.

मला पाचव्या वर्षी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर आणि कपाळावर वण आहेत. आई त्यांना वण म्हणू देत नाही. "देवीची बोटं हायत ती. लेकरू नेलं न्हाई, नुसता तोंडावरनं हात फिरवून गेली बया." लहानपणी मला ते खरंच वाटायचं.

आज कामात घोटाळा केला. टर्पेंटाइनची बाटली लवंडली आणि काळेवाडीच्या मुलीच्या काचेवरची दोन दिवसांची पेन्सिल धुऊन गेली. आई शेजारीच तांदूळ निवडत होती, तिनं फडकं आणून दिलं. आता सगळं पहिल्यापासून.

९ जानेवारी

हनीफभाई आले होते. हे विहिरींवरची इंजिनं आणि पंप दुरुस्त करतात, वयानं आबांएवढे. देहूरोडच्या डेपोतला एक गोरा साहेब जाताना त्यांना कॅमेरा देऊन गेला, तेव्हापासून त्यांना आर्ट फोटोचं वेड लागलंय. फोटो धुवायला आमच्याकडे येतात. दर वर्षी पुण्याच्या प्रदर्शनाला एक फोटो पाठवतात आणि दर वर्षी तो परत येतो.

या खेपेला बैलगाडी. मागून ऊन, खाली धूळ, गाडीवान पाठमोरा. गाडी आमच्या ओळखीच्या सोनबाची. धूळ मनासारखी उडेना म्हणून बिचाऱ्याला त्यांनी एकाच रस्त्यानं पुन्हा पुन्हा हाकायला लावली. बैल चिडले, सोनबा त्याहून चिडला.

मी विचारलं, "हनीफभाई, स्नॅप आणि आर्ट फोटो यांत फरक काय हो?"

ते खूश झाले. हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. म्हणाले, "बघ बेटा. समोर दिसलं, खटका दाबला, की झाला स्नॅप. आर्ट फोटोत एकबी गोष्ट आपसूक येत न्हाई. जे दिसतंय ते कुनीतरी ठरवून ठेवलेलं असतंय, आन् जे दिसत न्हाई ते ठरवून काढलेलं."

"मग मी वण काढते ते आर्टच झालं की."

"छे छे! ते झूट हाय. फोटोत झूट चालत न्हाई."

"आणि सोनबाच्या गाडीची धूळ?"

आबा एवढे हसले की हनीफभाईंचा चहा तसाच राहिला. आईसुद्धा आतून हसली. मला मात्र रात्रभर ते 'झूट' टोचत राहिलं. ज्यांना चांगला चेहरा मिळालाय त्यांना खरं बोलायला काय जातं?

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज कुरुळीहून ठकुआत्या तिळगूळ घेऊन आली. आबांची ही थोरली बहीण. ती मोकळ्या हातानं कधी येत नाही आणि मोकळ्या तोंडानंही नाही. तिळगूळ हातात पडतो न पडतो तोच म्हणाली, "चिमाजी, पोरगा हाय."

आत्याच्याच गावचा भिमाजी. पिंपरीच्या नव्या कारखान्यात बॉयलरवर आहे, रोज कुरुळीहून सायकलनं येतो. घरी आई, रतनबाई. त्यांना आधी फोटो पाहायचा आहे. हल्ली ही रीतच झालीय, आधी फोटो आणि मग मुलगी. पसंत नसली तर फोटो परत पाठवायचा, म्हणजे तोंडानं नाही म्हणावं लागत नाही.

माझा फोटो दोनदा गेला आणि दोनदा आला. दोन्ही वेळा फोटोवर होकार आला होता. मग माणसं घरी आली. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नंतर जाईपर्यंत चहाच्या कपाकडे पाहत बसली. ते दोन फोटो आईनं देवघरात पाटाखाली ठेवलेत. मी म्हटलं फाडून टाक, तर टाकत नाही.

मी म्हटलं, पाटाखालचाच एखादा द्या. आत्या अंगावर आली. "परत आलेला फोटू पुन्ना धाडत्यात व्हय? नवा काढ." मग आवाज खाली करून आबांना म्हणाली, "आन् हाबी आला परत, तर मातूर खेडच्या बिजवराला हो म्हनायचं. आता थांबायचं न्हाई."

खेडच्या बिजवराचा थोरला मुलगा माझ्याच वर्गात होता.

आबा तिळगूळ चघळत राहिले. म्हणजे हो म्हणाले.

१९ जानेवारी

आज आबांनी माझा फोटो काढला. सकाळचं ऊन. आईची हिरवी साडी नेसले. आबांनी हंसाचा पडदा लावला, मग कोण जाणे का, काढून टाकला आणि मागे नुसती भिंत ठेवली. म्हणाले, "हंस नगं. तुझ्याकडं बघू दे लोकांना." पुढच्या क्षणाला त्यांनाच ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण काळ्या कापडात डोकं घालून बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

एकच काच वापरली. माझ्यावर दुसरी कशाला घालवायची, असं मीच म्हटलं.

आई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहत होते तेव्हाच आबांनी खटका ओढला. आबा म्हणाले, "कॅमेऱ्याकडं बघायचं, येडे!" पण काच धुतल्यावर म्हणाले, असू दे.

२२ जानेवारी

दोन दिवस स्वतःच्या तोंडावर पेन्सिल मारतेय.

दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर हात कधी अडत नाही. मुलगी कोण, कुठली, हेही आठवत नाही, नुसते ठिपके दिसतात. इथं प्रत्येक ठिपका ओळखीचा निघाला. आरशात त्यांची सवय झालेली असते. काचेवर बघितलं तर सुपातून ज्वारी सांडावी तसे दिसले. डाव्या गालावरचा मोठा वण भरताना खरंच गाल हुळहुळला. स्वतःवरच हसले आणि मग थोडी रडलेही. लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण?

आई तांदूळ घेऊन शेजारी बसली होती. मध्येच म्हणाली, "ह्यात तू कुठं हायेस? गाल कंचा?" मी काच उजेडाला धरून दाखवलं, हा गाल, हा दुसरा, हे कपाळ. तिनं बोट न लावता, लांबूनच नीट पाहिलं. बिचारी इतकी वर्षं या काचांच्या शेजारी बसते, पण तिला त्यातलं काही उमगत नाही. काळं तोंड आणि पांढरे केस, तिला भूतच वाटत असेल.

संध्याकाळी काम संपलं. आबांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "पुण्यात कुनाला जमायचं न्हाई असं." माझा ऊर भरून यायला हवा होता. काचेत एक गुळगुळीत मुलगी होती. तिचं नाव शालन असेलही, पण माझी तिची ओळख नाही.

हनीफभाईंचं म्हणणं आठवलं, जे दिसत नाही ते ठरवून काढलेलं. मी तर दोन दिवस तेच केलं. मग हा आर्ट फोटो का नाही? झोप आली.

२४ जानेवारी

आज झालं ते लिहूनच ठेवते.

काल ठकुआत्या मुक्कामाला आली. आज सकाळी सोनबाच्या गाडीनं परत निघायची होती, कारण उद्या चाकणच्या बाजारात रतनबाईंना फोटो देईन असा शब्द तिनं दिला होता. आबा म्हणाले, फोटो सकाळच्या उजेडातच छापू. तेव्हा आई म्हणाली, "शुभ कामाला जायची चीज हाय. रातभर देवाम्होरं ऱ्हाऊ द्या." कोणी नाही म्हणालं नाही. का म्हणावं?

सकाळी आबा काच आणायला देवघरात गेले आणि तिथूनच ओरडले.

आईनं काचेला हळद-कुंकू लावलं होतं. कपाळाला कुंकू, दोन्ही गालांना हळद. सवाष्णीच्या तोंडाला लावतात तसं, आणि तेही तेलात कालवून. बरोबर माझ्या पेन्सिलीच्या बाजूनं.

काचेवर जिथं काही लागलं तिथून उजेड जात नाही, म्हणजे कागदावर तिथं पांढरं राहणार. हे आत्याला समजावलं तर ती कपाळावर हात मारून घेऊ लागली. "आगं पांढऱ्या कपाळाची पोर दावायची व्हय सोयऱ्याला! आगं गवराबाई, काय केलंस ह्ये!"

आई पदराला हात पुसत म्हणाली, "मला काय ठावं? कोरडं काचंवर ऱ्हाईना, म्हनून त्येलात कालवलं."

तेल निघायला टर्पेंटाइन. आबांनी फडकं भिजवलं. मी बघत उभी होते. एका पुसण्यात हळद गेली, कुंकू गेलं आणि त्यांच्याबरोबर माझी सगळी पेन्सिल गेली. वण परत आले. एकूण एक.

बाहेर सोनबा बैल जुंपून हाका मारत होता. पुन्हा पेन्सिल मारायची तर दोन दिवस हवेत. आत्या म्हणाली, शब्द मोडला तर सोयरीक आपसूक मोडली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टर्पेंटाइनच्या बाटलीला बूच लावलं. त्यांनी तसाच फोटो छापला, धुतला, टिपकागदात दाबला, आणि आत्या तो पदराखाली धरून ओला-ओलाच घेऊन गेली.

आबा आईवर ओरडले नाहीत. हळद-कुंकवाला शिव्या कोण देणार? नुसते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी आईशी बोलत नाही.

२५ जानेवारी

अजून बोलत नाही. तिला कळत नाही हे मला कळतं. पण न कळता हात कशाला लावायचा?

खेडच्या बिजवराचं घर तसं चांगलं आहे म्हणतात.

३० जानेवारी

आबांनी त्या दिवशी एक फोटो जास्तीचा छापला होता, तो मेजावर पडून होता. हनीफभाईंनी बोलता बोलता उचलला आणि बोलायचे थांबले. खिडकीशी नेला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता बिचारी म्हणतील.

"कुनी केला ह्यो?"

"आबांनी."

"चिमाजीराव आन् तोंडावर वण ठेवतील? न्हाई पटत."

मग मी सगळी हकिकत सांगितली. आईचं हळद-कुंकू, तेल, टर्पेंटाइन. "म्हणजे कोणी केला नाही. आपसूक झाला."

हनीफभाईंनी मान हलवली. "न्हाई बेटा. स्नॅप मी पाचशे काढलेत, मला कळतंय. आपसूक असं होत न्हाई. पोरगी कुनाकडं तरी बघतीय, मागं पडदा न्हाई, आन् तोंडावरचं एकबी काढलेलं न्हाई. ह्यात कुनीतरी ठरवलंय."

आबा म्हणाले, "पडदा मी काढला. बाकी माझं काय न्हाई बाबा."

हनीफभाईंना तो पुण्याला पाठवायचा होता. आबा उसळलेच. "माझी पोर पुन्यात भिंतीला टांगू व्हय?" विषय संपला. हनीफभाई फोटो खाली ठेवीनात. आईनं त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि न मागता तिळाचे दोन लाडू ठेवले. संक्रांतीचे शेवटचे होते, माझ्यासाठी राखलेले. तिला हनीफभाईंची दया आली असेल, त्यांचे फोटो नेहमी परत येतात म्हणून.

ते गेल्यावर मी फोटो पाहिला. अनोळखी नाही वाटली ही मुलगी.

५ फेब्रुवारी

फोटो परत आला नाही. मागच्या दोन वेळा एव्हाना होकार तरी आला होता. हा होकार नाही आणि नकारही नाही.

१२ फेब्रुवारी

हनीफभाईंची बैलगाडी पुण्याहून परत आली. सोबत कोणीतरी एका ओळीत लिहिलंय, 'नेहमीचा विषय.' ते हसत होते, पण कॅमेरा आणला नव्हता. म्हणाले, सोनबाला सांगू नका.

आईशी बोलायला लागले. आधी मीठ मागितलं, मग बाकीचं.

१७ फेब्रुवारी, रविवार

ते लोक येऊन गेले. आत्यानं परवाच निरोप धाडला होता. आज सुट्टी म्हणून भिमाजी, त्याची आई रतनबाई आणि आत्या असे तिघं आले.

मी पोहे घेऊन गेले. आता फोटो, मग मी, मग चहाचा कप, असंच होणार अशी मनाची तयारी केली होती. रतनबाईंनी पिशवीतून फोटो काढला आणि चक्क माझ्या गालाशी धरला, बाजारात लुगड्याचा रंग जुळवतात तसा. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "हायेच की तशीच!" म्हणाल्या आणि फोटो मुलाकडे देऊन पोहे खायला लागल्या. मला एवढं हलकं वाटलं की मी खालीच बसले. बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

भिमाजी जरा काळसर आहे, कान मोठे आहेत. बोलायला घाबरत नाही. त्यानं मलाच विचारलं, "तुमी दुसऱ्यांच्या फोटूतलं वण काढता म्हनं. मग सोताचं का न्हाई काढलं?"

आत्यानं मला डोळ्यांनी दाबलं. पण माझ्या तोंडून खरंच निघालं. "काढले होते. आईनं काचेला हळद-कुंकू लावलं, ते पुसताना माझं काम पुसलं गेलं."

तो मोठ्यानं हसला. रतनबाई हसल्या, आबा हसले, मीही हसले. महिनाभर ज्याचं रडू येत होतं त्याचं हसू आलं. एकटी आई हसली नाही. चहा उतू जाईल म्हणून ती उठून आत गेली. चहा तर सगळ्यांचा पिऊन झाला होता.

निघताना आत्यानं घसा खाकरला. "मग... फोटू?" सगळ्यांना कळलं ती काय विचारते. आबा जमिनीकडे बघत होते. भिमाजीनं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की माज्याकडं."

सगळे गेल्यावर आबांनी हंसाचा पडदा खाली उतरवला, पुसायला म्हणून, आणि त्यात तोंड घालून बराच वेळ उभे राहिले.

देवा, मला आनंद झालाय. नुसता आनंद. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

२३ फेब्रुवारी

वैशाखातली तिथी धरायची ठरलं. रतनबाईंच्या लेकीला माझा फोटो हवाय, म्हणून आज आबांनी ती काच पुन्हा बाहेर काढली. मला म्हणाले, "आता दोन दिस हायेत हातात. मारायची का पेन्सिल?"

मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात आई देवघरातून हळद-कुंकवाचा करंडा घेऊन आली. "आई, नको! हात लावू नकोस!"

तिनं माझं ऐकलं नाही. काच दोन बोटांनी कडेला धरून उचलली, उजेडाकडे करून पाहिली आणि पालथी केली. मागच्या कोऱ्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, जिथं छापायच्या चौकटीखाली झाकलं जातं आणि कागदावर काहीच उमटत नाही, तिथं तोंडाची वाफ दिली आणि चिमटीनं हळद-कुंकू टेकवलं. कोरडंच. छान बसलं. आबांनी फोटो छापला, स्वच्छ आला. कुठे डाग नाही.

म्हणजे एवढ्या दिवसांत आई शिकली म्हणायची. मला कौतुकच वाटलं. मी तिला म्हटलं, "आई, कळायला लागलं की गं तुला काचेतलं."

"व्हय," ती म्हणाली, "तुझ्याकडं बघून बघून." आणि तांदूळ निवडायला बसली.